त्वचेतील सूक्ष्मवाहिन्या आणि चयापचय-संलक्षण : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात

अनामिकेच्या नखाच्या मुळाशी कातडीची जी बारीक घडी असते, तिच्यावर तेलाचा एक थेंब ठेवावा आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहावे. केसांच्या आकड्यांसारख्या लालसर कमानी तेथे एका ओळीत मांडलेल्या दिसतात. प्रत्येक कमानीच्या एका बाजूने रक्त वर चढते, टोकाशी वळते आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरते. शरीरात इतरत्रही त्वचेखाली अशा असंख्य कमानी आहेत. परंतु त्या पृष्ठभागाकडे तोंड करून उभ्या असल्यामुळे त्यांचे केवळ शेंडे ठिपक्यांसारखे दिसतात. नखाच्या घडीत त्या आडव्या पहुडलेल्या असतात, म्हणून संपूर्ण दिसतात. काहीही न कापता जिवंत रक्ताभिसरण डोळ्यांनी पाहता यावे अशा जागा मानवी देहात मोजक्याच आहेत आणि ही त्यांतील सर्वांत सहज हाती येणारी होय. चयापचयाचा तोल बिघडू लागला की या कमानींच्या वागणुकीत जे बदल घडतात, त्यांचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या डोंगराळ तालुक्यांना हा विषय किती जवळचा आहे, तेही ओघाने येईल.

प्रथम रचना. हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी ती रोहिणी आणि हृदयाकडे आणणारी ती नीला. रोहिणीच्या बारीक फांद्या म्हणजे रोहिणिका, नीलेच्या म्हणजे नीलिका आणि या दोहोंना जोडणारे अतिसूक्ष्म दुवे म्हणजे केशवाहिन्या. हे दुवे १६६१ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पिगी यांनी बेडकाच्या फुफ्फुसात प्रथम पाहिले. त्वचेत या वाहिन्यांची दोन आडवी जाळी असतात. एक खोलवर, अंतस्त्वचा आणि तिच्याखालचा मेदाचा थर यांच्या सीमेवर. दुसरे वर, बाह्यत्वचेच्या लगत. वरच्या जाळ्यातून निघालेल्या कमानी अंतस्त्वचेच्या छोट्या छोट्या उंचवट्यांत शिरतात. बाह्यत्वचेत स्वतःची एकही रक्तवाहिनी नाही. तिचे सारे पोषण या कमानींतून झिरपणाऱ्या द्रवावर चालते. केशवाहिनीचा व्यास सुमारे ५ ते १० मायक्रोमीटर, तर तांबड्या रक्तपेशीचा सुमारे ७ ते ८. पुष्कळ ठिकाणी रक्तपेशीला अंग दुमडूनच पुढे सरकावे लागते.

तळहात, तळपाय, बोटांची टोके, कान आणि नाक या ठिकाणी आणखी एक व्यवस्था आढळते. तेथे रोहिणिका आणि नीलिका यांना थेट जोडणारे आखूड, जाड भिंतींचे मार्ग असतात. त्यांना जोडवाहिन्या म्हणू. त्या उघडल्या की रक्त केशवाहिन्यांत न शिरताच परत फिरते. त्वचेला रक्ताची जी गरज असते ती केवळ पोषणाची नसून उष्णता बाहेर टाकण्याचीही असते, म्हणून ही योजना आहे. विश्रांत अवस्थेत संपूर्ण त्वचेतून मिनिटाला जेमतेम पाव लिटर रक्त वाहते. तीव्र उष्म्यात हेच प्रमाण ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकते. इतका मोठा चढउतार सहन करणारे इंद्रिय शरीरात क्वचितच दुसरे असेल.

हा चढउतार कोण घडवितो? संवेदी मज्जातंतू आणि सहानुभूती मज्जासंस्था यांचा त्यात वाटा आहेच. परंतु अंतिम निर्णय बऱ्याच अंशी वाहिनीच्या आतल्या अस्तराचा, म्हणजे अंतःस्तराचा असतो. हा अंतःस्तर केवळ एका पेशीइतका जाड असतो. पूर्वी त्याला निष्क्रिय आवरण समजले जाई. तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करतो आणि त्या वायूमुळे वाहिनीच्या भिंतीतील स्नायू सैलावतात, या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या उलट, एंडोथेलिन हे द्रव्य वाहिनी आकुंचित करते आणि तेही याच अस्तरातून स्रवते. सैलावणे आणि आवळणे यांच्या संथ लयीमुळे निरोगी त्वचेतील रक्तप्रवाह कधीच एकसुरी नसतो. तो श्वासासारखा कमीजास्त होत राहतो. या लयीस वाहिनीस्पंद म्हणता येईल. सर्व केशवाहिन्यांतून सदैव सारखे रक्त वाहत नाही, गरजेप्रमाणे राखीव वाहिन्या उघडल्या जातात, हे डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांनी स्नायूंच्या अभ्यासातून दाखविले. त्यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता चयापचय-संलक्षणाविषयी. उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेली साखर आणि यूरिक आम्ल ही एकत्र वावरतात असे स्वीडनचे वैद्य एस्किल क्यूलिन यांनी १९२३ मध्ये लिहिले होते. पोटाभोवतीची चरबी अन्यत्र साठलेल्या चरबीपेक्षा अधिक घातक असते, हे फ्रान्सचे झाँ व्हाग यांनी १९४७ मध्ये मांडले. या धाग्यांना एकत्र गुंफून इन्सुलिन-प्रतिरोध, म्हणजे इन्सुलिनला शरीराने पुरेसा प्रतिसाद न देणे, हे त्यांचे मूळ आहे असे प्रतिपादन अमेरिकेतील जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये केले आणि या समूहाला ‘सिंड्रोम एक्स’ हे नाव दिले. त्यांच्या मूळ यादीत लठ्ठपणा नव्हता. ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते आणि आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. आज प्रचलित असलेल्या निकषांत पाच घटक आहेत आणि त्यांपैकी कोणतेही तीन आढळल्यास चयापचय-संलक्षण आहे असे मानतात. कंबरेचा घेर दक्षिण आशियाई पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर वा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅम वा अधिक, एच.डी.एल. हे हितकर कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० मिलिग्रॅमहून कमी; रक्तदाब १३०/८५ वा अधिक; आणि उपाशीपोटी साखर १०० मिलिग्रॅम वा अधिक. रक्तातील घटकांचे आकडे दर डेसिलिटरचे आहेत.

काटक बांध्याच्या, डोंगर चढणाऱ्या, खाचरात राबणाऱ्या माणसाला हा विकार कसा जडेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर पुण्यातून मिळाले. मुरबाड तालुक्यातून माळशेज घाट चढून गेले की पुणे जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून गर्भवती माता व त्यांची मुले यांचा दीर्घकालीन अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे स्नायूंनी आणि पोटातील इंद्रियांनी बरीच लहान होती. मात्र पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश, परंतु मेदाने संपन्न अशी ही ‘कृश-मेदी’ शरीरप्रकृती जन्मतःच घडलेली असते. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचा शरीरवस्तुमान निर्देशांक एकच, २२.३, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाटा काय सांगत नाही, हे इतक्या थोडक्या आकड्यांत दाखविणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

शहापूर आणि मुरबाड ही भाताची भूमी आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी असे अनेक समाज येथे नांदतात. पावसाळ्यात आवणी, नंतर कापणी-झोडणी, त्यानंतर अनेक कुटुंबांचे वीटभट्ट्यांवर स्थलांतर, हा येथील वर्षाचा क्रम. त्या क्रमाशेजारी आता दुसरा क्रमही उभा राहिला आहे. कसारा, खर्डी, आसनगाव, वासिंद येथून लोकलने कल्याण-ठाण्याकडे जाणारा नोकरदार वर्ग, गोदामांतील व कारखान्यांतील पाळ्यांची कामे, बसून किंवा उभ्याने जाणारा दिवस. नागली आणि वरईची जागा पांढऱ्या तांदळाने बरीचशी घेतली. गोड चहा, बिस्किटे आणि तळलेले पुड्यातले पदार्थ पाड्यापर्यंत पोहोचले. आईच्या पोटात उपासमार आणि तरुणपणी भरपूर पिष्ट व साखर, हा योग कृश-मेदी शरीराला सर्वाधिक जड जातो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणाने २०२३ मध्ये देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची सुमारे १३.६ कोटी असल्याचे अनुमान प्रसिद्ध केले. या दुसऱ्या, अधिक मोठ्या समूहातच सूक्ष्मवाहिन्यांची कथा सुरू होते.

इन्सुलिन हे साखरेचे संप्रेरक म्हणून सर्वांना परिचित आहे. ते रक्तवाहिन्यांचेही संप्रेरक आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. जेवणानंतर इन्सुलिन वाढले की ते अंतःस्तराला दोन स्वतंत्र मार्गांनी संदेश देते. एका मार्गाने नायट्रिक ऑक्साइड निर्माण होते, वाहिन्या सैलावतात आणि राखीव केशवाहिन्या उघडतात. त्यामुळे साखर व स्वतः इन्सुलिन स्नायूंपर्यंत पोहोचू शकते. दुसऱ्या मार्गाने एंडोथेलिन स्रवते आणि वाहिन्या आवळल्या जातात. निरोगी अवस्थेत पहिला मार्ग वरचढ असतो. इन्सुलिन-प्रतिरोधात जो बिघाड होतो तो प्रामुख्याने पहिल्याच मार्गात. दुसरा शाबूत राहतो. शरीर प्रतिरोधावर मात करण्यासाठी अधिकाधिक इन्सुलिन स्रवते आणि ते वाढीव इन्सुलिन आवळण्याच्या कामाला जुंपले जाते. विकाराचा खरा मर्मबिंदू माझ्या मते हाच आहे. ज्या द्रव्याने दार उघडायचे, तेच दार ओढून घेऊ लागते. पोटातील चरबीतून येणारी मुक्त मेदाम्ले आणि दाह वाढविणारी द्रव्ये या असमतोलात भर घालतात.

याचा प्रत्यय त्वचेत मोजता येतो. दंडाला पट्टा बांधून हाताचा रक्तप्रवाह काही मिनिटे थांबविला आणि मग सोडला, तर निरोगी त्वचेत रक्ताचा लोंढा येतो व बोटांच्या कातडीत नव्याने भरलेल्या केशवाहिन्या मोजता येतात. ॲम्स्टरडॅममधील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखविले की, ज्यांना मधुमेह वा रक्तदाबाचा विकार नाही अशा निरोगी लोकांतही ही राखीव भरती आणि इन्सुलिनची परिणामकारकता बरोबरीने कमीजास्त होतात. नेदरलँड्समधीलच मास्ट्रिख्टच्या मोठ्या अभ्यासात, २०१६ मध्ये, त्वचा तापविल्यावर वाढणारा रक्तप्रवाह मधुमेहात घटलेला आढळलाच, शिवाय मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींतही तो उणावलेला दिसला. म्हणजे साखरेचा आकडा रोगाची रेषा ओलांडण्यापूर्वीच वाहिन्या सुस्तावलेल्या असतात. उच्च रक्तदाबात तर केशवाहिन्यांची संख्याच घटते. याला विरलीभवन म्हणतात. ते प्रथम कार्यात्मक असते, वाहिनी असते पण उघडत नाही. पुढे ते रचनात्मक होते आणि वाहिनीच नाहीशी होते. केशवाहिन्या कमी झाल्या की रक्तदाब वाढतो व इन्सुलिन स्नायूंपर्यंत कमी पोहोचते. त्यामुळे साखर वाढते आणि वाहिन्या आणखी बिघडतात. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे या वर्तुळात वेगळे काढणे अवघड आहे.

साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की ती प्रथिनांना चिकटते आणि कालांतराने त्यांच्यात कायमचे दुवे निर्माण करते. भाकरीचा पापुद्रा तव्यावर तांबूस होतो, त्यामागे हीच रासायनिक क्रिया असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माय्यार यांनी ती १९१२ मध्ये वर्णिली. शरीरात ती मंदगतीने घडते. केशवाहिनीभोवतीचे तलपटल, म्हणजे तिच्या भिंतीला आधार देणारा पातळ थर, त्यामुळे जाड व ताठ होते आणि वाहिनीस्पंदाची लय मंदावते.

या जाड झालेल्या भिंतीवरून वैद्यकाने एक मोठी चूक केली होती. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेहींच्या पायातील सूक्ष्मवाहिन्या बुजून जातात असा निष्कर्ष काढला गेला. सूक्ष्मवाहिन्याच बुजल्या असतील तर मोठ्या रोहिणीचा अडथळा दूर करून उपयोग काय, असा विचार त्यातून रूढ झाला आणि वाचविता येण्याजोगे पाय कापले गेले. १९८४ मध्ये लोगर्फो आणि कॉफमन या अमेरिकी वैद्यांनी पुराव्यानिशी हा समज खोडून काढला. वाहिन्या बुजलेल्या नसतात. त्यांच्या भिंती जाड होतात आणि गरजेला प्रतिसाद देण्याची त्यांची क्षमता हरपते. गरज सांगितली तरी उघडत नाही अशी, बधिर झालेली वाहिनी, असे तिचे वर्णन करावे लागेल. जखम झाली, जंतुसंसर्ग झाला की ऊतकाला अनेक पट रक्त हवे असते. नेमके तेव्हाच ते मिळत नाही.

येथे जोडवाहिन्यांचे महत्त्व ध्यानात येते. मधुमेह जुना झाल्यावर सहानुभूती मज्जातंतू क्षीण होतात आणि त्यांनी मिटून ठेवलेल्या जोडवाहिन्या उघड्याच राहतात. रक्त भरपूर येते, परंतु केशवाहिन्यांना वगळून निघून जाते. अशा रुग्णाचा पाय हाताला उबदार लागतो, शिरा टम्म दिसतात, घोट्याजवळची नाडीही लागते. आणि तरी अंगठ्याखालची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. शहापूरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. १८९२ पासून तानसाचे, पुढे वैतरणेचे आणि भातसाचे पाणी याच तालुक्याच्या परिसरातून मोठ्या वाहिन्यांनी मुंबईला जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच तालुक्यातील कित्येक पाडे टँकरची वाट पाहत असतात. पाणी कमी नसते. ते पाड्यावर न थांबता पुढे जाते.

त्वचेवर उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणांचे दोन वर्ग करणे उचित ठरेल. पहिल्या वर्गातील खुणा वाहिन्यांच्या नसून वाढलेल्या इन्सुलिनच्या आहेत. मानेच्या मागे व काखेत कातडी मखमलीसारखी जाड आणि काळसर होते. त्याच जागी बारीक लोंबते मोस येतात. पुष्कळ घरांत हा मळ समजून मुलामुलींच्या माना दगडाने घासल्या जातात. तो मळ नव्हे, इन्सुलिनने त्वचेच्या पेशींना दिलेला वाढीचा संदेश आहे. दुसऱ्या वर्गातील खुणा सूक्ष्मवाहिन्यांशी निगडित मानल्या जातात. नडगीवर गोल, तपकिरी, किंचित खोलगट डाग उमटतात. दुखत नाहीत, खाजत नाहीत. स्वीडनच्या मेलिन यांनी १९६४ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले. त्यांना उपचार लागत नाहीत, परंतु ते दिसल्यास डोळे व मूत्रपिंडे तपासून घ्यावीत. तेथील सूक्ष्मवाहिन्यांनाही बाधा झालेली असण्याचा संभव असतो. सावळ्या कातडीवर लाली आणि फिकटपणा सहज कळत नाही, म्हणून आपल्याकडे रंगापेक्षा ऊब, सूज आणि कोरडेपणा यांवर अधिक लक्ष द्यावे लागते.

लेझर किरणांनी रक्तपेशींचा वेग मोजणारी यंत्रे तालुक्याच्या ठिकाणी अपेक्षिता येणार नाहीत, आणि त्यांवाचून अडूही नये. तिशीपुढच्या व्यक्तींच्या तपासणीसाठी आशा ताई जी प्रश्नावली भरून घेतात, तिच्यात कंबरेचे माप आहेच. रक्तदाब आणि साखर उपकेंद्रावर पाहिली जाते. पायाच्या बधिरतेसाठी १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू पुरतो; डोळे मिटलेल्या रुग्णाच्या तळव्याला तो टेकवून स्पर्श जाणवतो का, हे विचारायचे. हाच तंतू कुष्ठरोगातील बधिरता मोजण्यासाठी वापरला जातो. वेल्लोर येथे काम केलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरुग्णांची बोटे जंतू खात नाहीत. वेदना न जाणवणाऱ्या पायावर पुन्हा पुन्हा पडणारा दाब त्यांचा नाश करतो. मधुमेही पायाची आजची निगा या शिकवणीवर उभी आहे. कुष्ठरोग कार्यक्रमातील मऊ रबराची एम.सी.आर. चप्पल ही दोन्ही रोगांत सारखीच उपयोगी पडते. ज्या आदिवासी तालुक्यांत कुष्ठरोगाचे सर्वेक्षण परिचयाचे आहे, तेथे ही विद्या नव्याने आणावी लागणार नाही.

अंतःस्तराचा बिघाड आरंभीच्या काळात परतवता येतो, ही या विषयातील सर्वांत आश्वासक बाब आहे. नियमित चालणे, कंबरेचा घेर कमी करणे, रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे यांनी वाहिन्यांचा प्रतिसाद सुधारतो. तंबाखू मात्र साऱ्यावर पाणी फिरवते. विडी ओढणारा पुरुष आणि मशेरी लावणारी स्त्री या दोघांच्याही त्वचेतील वाहिन्या निकोटिन आवळून धरते.

प्राचीन ग्रंथांत मधुमेहासारख्या विकाराची निरीक्षणे ‘प्रमेह’ या नावाने आढळतात. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची बधिरता आणि दाह नमूद आहेत. सुश्रुताने प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्यजन्य असे दोन प्रकार सांगितले आणि पहिला कृश, तर दुसरा स्थूल व्यक्तीचा म्हणून वर्णिला. त्यांचा आजच्या वर्गीकरणाशी तंतोतंत मेळ घालणे योग्य नाही. परंतु सुश्रुताच्या चिकित्सास्थानातील एक उपचार येथे सांगितलाच पाहिजे : निर्धन रुग्णाने पादत्राण व छत्री न घेता शंभर योजने वा अधिक चालावे, किंवा विहीर खणावी. श्रमाचा भाग आजचे वैद्यकही मान्य करते. अनवाणी चालण्याचा मात्र नाही. बधिर तळव्याला फाल्गुन-चैत्रात भाजलेल्या राबातील विस्तवाची धग कळत नाही, भट्टीवरच्या विटेचा कपचा कळत नाही.

तरीही गुडघाभर चिखलात आवण लावताना पायात टिकेल अशी चप्पल कोणापाशी नाही. ती बांधावरच काढून ठेवावी लागते. दिवसभर भिजलेल्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते आणि टाचेच्या भेगांतून जंतू आत शिरतात. म्हणून साखर असलेल्या माणसाने संध्याकाळी घरी आल्यावर पाय साध्या पाण्याने धुवावेत. कोमट पाणी घ्यायचे झाल्यास त्याची ऊब पायाने नव्हे, कोपराने पाहावी. प्रत्येक बेचके सुती फडक्याने कोरडे करावे आणि टाचांना खोबरेल लावावे. बेचक्यांत लावू नये. तळवा स्वतःला दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावा, किंवा घरातल्या कोणाला तरी दिव्याशी पाय धरून पाहायला सांगावे.